लेवीयात अडकलेली गाडी

प्रश्न : आमच्या महिला संगतीने जानेवारीत ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ असं वाचन सुरू केलं. मी नर्स आहे, पाळ्या सांभाळून वाचते. उत्पत्ती आवडलं, निर्गम निम्मं आवडलं, तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, मात्र गाडी अडकली. यज्ञ, चरबी, चट्टे, पुन्हा यज्ञ. कसंबसं रेटत यहोशवापर्यंत आले. माझा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. सुट्टीत घरी आला होता, त्याने माझ्या हातातलं पुस्तक घेऊन यरीहो शहर जिंकल्याचा अध्याय मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “म्हातारी माणसं, पोरंबाळं सगळी मारली? हाच का तुझा प्रीतीचा देव?” मला बोलता आलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, विश्वासाने वाचा, शंका काढू नका. सासूबाई फारशा शिकल्या नाहीत, दुसऱ्यांच्या शेतावर राबून त्यांनी मुलं वाढवली. त्या म्हणतात, “मी जन्मभर स्तोत्रं आणि शुभवर्तमानंच वाचली, माझं कुठं काय अडलं?” मग मीही जुना करार सोडून फक्त नवा वाचला तर चालेल का? घरभरणीला मिळालेली ईयोब ८:७ ची फ्रेम आमच्या दर्शनी भिंतीवर आहे. पण अख्खं ईयोब मी कधी वाचलेलं नाही, हेही कबूल करते.
– एक भगिनी, श्रीरामपूर

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही फ्रेमचा उल्लेख शेवटी, जाता जाता केलात. मी तिथूनच सुरुवात करतो.

तुमचा आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचं ते वचन. आपल्याकडे दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नाला, नव्या घराला हमखास देतात. माझ्याही घरात होतं. आता ईयोबाचा आठवा अध्याय उघडा आणि हे बोलतंय कोण ते पाहा. बिल्दद शूही, ईयोबाचा सांत्वनाला आलेला मित्र. आणि ऐकणारा कोण? ज्याची सात मुलं आणि तीन मुली नुकत्याच घर कोसळून मेल्या, असा बाप. फ्रेममधल्या वचनाच्या तीन वचनं आधी हा बिल्दद त्या बापाला म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. मग पुढे, तू शुद्ध असशील तर तुझं पुन्हा भलं होईल. म्हणजे आपण भिंतीवर लावलेलं वाक्य मुळात एका टोचणाऱ्या उपदेशाची शेपटी आहे. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव दुसऱ्या एका मित्राला, अलीफजला, म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. त्या दोघांपैकी एक बिल्दद.

गंमत अशी की ईयोबाचा शेवट खरोखरच आरंभापेक्षा मोठा झाला. बिल्ददचं वाक्य खरं ठरलं, फक्त त्याच्या हिशेबाने नाही. तेव्हा फ्रेम उतरवू नका. पण ईयोब एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि मग तिच्याकडे बघा.

हे मला कळलं ते माझ्या पत्नीमुळे. ती अंथरुणाला खिळली होती, तेव्हा एक प्रचारक बंधू भेटायला आले. खुर्चीत बसून त्यांनी ईयोबाचा चौथा अध्याय उघडला आणि निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे काय, ते आठवून पाहा, अशा अर्थाचं वचन वाचलं. मग तिच्याकडे पाहून विचारलं, “ताई, काही कबूल करायचं राहिलंय का?” मी गप्प. संडे स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवूनही मला काही सुचलं नाही. ती पडल्या पडल्या म्हणाली, “भाऊ, हे अलीफज म्हणाला. शेवटच्या अध्यायात देव त्याला काय म्हणाला, तेही वाचा की.” बंधूंनी चहा अर्धा ठेवला.

त्या दिवसापासून मी बायबलचं कुठलंही पान उघडलं की आधी हेच बघतो : बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि गोष्ट कुठवर आली आहे? बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं मत म्हणून छापलेलं नाही. त्यात मित्रांचे चुकीचे उपदेश आहेत, राजांच्या थापा आहेत, सैतानाची वाक्यंही आहेत. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि चक्क ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो. शब्द शास्त्रातलेच. येशू त्याला तीनदा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरं अनुवाद या एकाच पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली : अरण्यात भुकेल्या इस्राएलाला जे सांगितलं होतं, तेच अरण्यात भुकेला असलेला येशू स्वतःला लावून घेतो. सैतानाने सोयीपुरतं वचन तोडून आणलं होतं. येशू ज्या गोष्टीतून बोलत होता, ती गोष्ट त्यावेळी तो स्वतः जगत होता.

या तोडातोडीला आकड्यांचाही हातभार आहे. आज आपण जे अध्याय पाहतो, ते तेराव्या शतकात पडले. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक मिळाले ते १५५१ साली, एका छापखानेवाल्याकडून. पौलाने रोमकरांस ‘वचनं’ लिहिली नव्हती, पत्र लिहिलं होतं. पूर्वी गावाकडून आंतरदेशीय पत्र यायचं. ते फोडून कुणी चौथी ओळ वाचायचं, घडी घालायचं आणि दिवसभर तीच ओळ गुणगुणायचं, असं कधी झालं का? ३१ डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षासाठी वचन काढायला माझी हरकत नाही. मीही काढतो. पण ते आमंत्रण समजावं, जेवण समजू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुना करार सोडला तर चालेल का? हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मार्सियन नावाच्या एका श्रीमंत जहाजमालकाने दुसऱ्या शतकात हेच केलं. जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असं म्हणून त्याने जुना करार बाजूला ठेवला. पण तेवढ्याने भागेना. मग नव्या करारातलंही काढावं लागलं. शेवटी त्याच्या हातात कापलेलं एक लूक आणि पौलाची दहा पत्रं राहिली. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं.

त्याचं कारण साधं आहे. नव्या कराराला सगळीकडून जुन्याचे धागे आहेत. एक ओढला की शिवण उसवते. आपल्या ६६ पुस्तकांच्या बायबलात १,१८९ अध्याय आहेत, त्यातले ९२९ जुन्या करारातले. (वसईकडच्या आपल्या कॅथलिक वाचकांकडे ७३ पुस्तकं आहेत, म्हणजे त्यांचा जुना करार आणखी मोठा.) आणि येशूपाशी जे बायबल होतं, ते हेच. अम्माऊसच्या वाटेवर त्याने त्या दोघा हिरमुसलेल्या शिष्यांना मोशे आणि सर्व संदेष्टे यांच्यापासून सुरुवात करून समजावलं, असं लूक सांगतो. तेव्हा त्याच्या हातात मत्तय, मार्क, लूक, योहान नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना असं धरलं की पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दार नव्या कराराचं असू शकतं. पण त्याच प्रवचनात, मत्तय ५:१७ मध्ये, येशू म्हणतो की मी नियमशास्त्र आणि संदेष्टे रद्द करायला आलो नाही, पूर्ण करायला आलो. दारातून आत गेलं की आतलं घर मोशेचंच निघतं. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण निघालं, त्यातही ‘पैलें पुराण’ सृष्टीपासून तारणाऱ्याच्या वाटेपर्यंतचं आणि ‘दुसरें’ ख्रिस्ताचं. मराठीत ख्रिस्ताची गोष्ट सांगणाऱ्या या पहिल्या मोठ्या कवीला आदामापासून सुरुवात केल्याशिवाय ती सांगता आली नाही.

लेवीयाकडे येऊ. तुमची गाडी अडकली, कारण तुम्ही त्याला नियमांची यादी समजून वाचलंत. ते गोष्टीच्या मध्ये आहे. निर्गमाच्या शेवटच्या अध्यायात निवासमंडप (देवाच्या उपासनेचा तंबू, त्यालाच दर्शनमंडपही म्हणतात) परमेश्वराच्या तेजाने भरतो आणि मोशेलासुद्धा आत पाऊल टाकता येत नाही. लेवीयाच्या पहिल्या वचनात परमेश्वर दर्शनमंडपातून मोशेला हाक मारतो, म्हणजे मोशे बाहेर. लेवीय संपतं आणि पुढच्या पुस्तकाच्या, गणनाच्या, पहिल्या वचनात परमेश्वर मोशेशी दर्शनमंडपात बोलतो. माणूस आत गेला! बाहेरचा आत कसा गेला, हेच मधले २७ अध्याय सांगतात. सगळे यज्ञ, सगळं शुद्ध-अशुद्ध त्या एका प्रश्नाभोवती फिरतं : पवित्र देव शेजारी राहायला आला, आता आपल्यासारख्यांनी त्याच्या घरात कसं जायचं? सोळावा अध्याय (प्रायश्चित्ताचा दिवस) वाचा आणि लगेच इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचा. एका बैठकीत. मग चरबी आणि रक्ताचा कंटाळा येतो का, ते मला कळवा.

आणखी एक जागा दाखवतो. लेवीय १२ मध्ये बाळंतिणीच्या शुद्धीकरणाचा नियम आहे. कोकरू आणावं; पण कोकराची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. तुम्ही हे वाचून पान उलटलं असेल. आता लूक २:२४ पाहा. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात येतात आणि पक्षी आणतात. लूक कुठेही ‘ते गरीब होते’ असं लिहीत नाही. त्याला लिहायची गरज नव्हती, लेवीय वाचलेल्याला कळतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांतून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते केडगावला छापून पुरं झालं. परित्यक्ता आणि दुष्काळातल्या बायांसाठी भाषांतर करणाऱ्या त्या विदुषीने हा पक्ष्यांचा नियम ‘कुणाला समजणार’ म्हणून गाळला नाही.

आणि सरवा. लेवीय १९:९-१० : शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेली कणसं वेचून घेऊ नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. सरवा म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. याच एका नियमावर मवाबी रूथ आणि तिची सासू जगल्या. शेतमालक बवाजाने तो नियम पाळला, नव्हे, थोडा जास्तच पाळला, म्हणून रूथ दावीदाची पणजी झाली आणि मत्तयाच्या पहिल्या पानावर, येशूच्या वंशावळीत, तिचं नाव आलं. लेवीयातली ती दोन वचनं कुणी पाळली नसती तर पुढची गोष्ट कुठल्या वाटेने गेली असती, कुणास ठाऊक.

खाण्यापिण्याच्या नियमांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा विचारील. मार्क ७, प्रेषितांची कृत्ये १० आणि १५ वाचा. मंडळीने तो प्रश्न पहिल्याच शतकात भांडून, बसून, सोडवलेला आहे. मात्र ‘हे नियम नैतिक, ते विधींचे’ अशी सरळ फाळणी करायला जाल तर पंचाईत होईल : शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे लेवीय १९:१८ आणि दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नको, हे १९:१९.

आता यहोशवा. इथे मी तुम्हाला गुळगुळीत उत्तर देणार नाही. तुमच्या मुलाने विचारलं ते योग्यच विचारलं. त्या पानावर ज्याला काहीच होत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

काही गोष्टी मात्र त्याच्यासोबत बसून पाहा. दहाव्या अध्यायात हेब्रोनात कुणालाही जिवंत ठेवलं नाही असं लिहिलंय; पण लगेच पुढच्या पुस्तकाच्या, शास्तेच्या, पहिल्याच अध्यायात हेब्रोनात कनानी (त्या देशातले आधीचे रहिवासी) राहताहेत आणि त्यांच्याशी लढाई चालली आहे. लिहिणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. दोन्ही पुस्तकं त्यांनी शेजारी ठेवली. त्या काळी राजे युद्धाचं वर्णन असंच करत. मवाबचा राजा मेशा, जो २ राजे ३ मध्ये भेटतो, त्याचा इ.स.पू. नवव्या शतकातला कोरीव दगड १८६८ मध्ये सापडला. आता तो पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. त्यात मेशा म्हणतो, इस्राएलाचा कायमचा नाश झाला. झाला नव्हता, हे तुम्ही-मी जाणतो. ‘कुणीच उरलं नाही’ ही त्या काळातली विजयाची भाषा होती. इंजिनीअर मुलाला हा दगड आवडेल. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. फुगवलेलं वर्णन असलं तरी माणसं मेलीच की.

मग मी पुस्तकाच्या आत बघतो. लढाईच्या आधी, पाचव्या अध्यायात, इस्राएलाचा सेनानायक यहोशवा याला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं, “नाही.” परमेश्वराच्या सेनेचा सरदार ‘तुमच्या बाजूचा’ म्हणायला तयार नाही! पुढे पाहा, वाचते कोण, तर राहाब, कनानी वेश्या, घरादारासह. मरतो कोण, तर आखान, यहूदा वंशातला, घरादारासह. आत-बाहेरची रेघ रक्ताने आखलेली नाही, हे पुस्तक पहिल्यापासून सांगतंय. आणि पुढे इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, तेव्हा त्याच देशातून इस्राएलालाही हुसकावलं गेलं.

ज्यांनी हे अध्याय गोष्टीतून उपटून घेतले, त्यांनी पुढे भयंकर कामं केली. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांच्या उपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना ‘अमालेकी’ (बायबलमधले इस्राएलाचे शत्रू) म्हटलं. नोहाने नशेतून उठून नातवाला, कनानाला, दिलेला शाप आफ्रिकेतल्या माणसांवर चिकटवून गुलामगिरीचं समर्थन केलं गेलं. तो शाप देवाने उच्चारलेलाच नाही. बोलणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.

आता मला जे सगळ्यात धरून ठेवतं, ते सांगतो. ‘येशू’ हे नाव ‘यहोशवा’चंच रूप आहे. एकच नाव. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात हा दुसरा यहोशवा सोर-सीदोनच्या हद्दीत जातो आणि एक बाई ओरडत मागे येते. मार्क तिला सुरफुनीकी म्हणतो, त्या काळचा रीतसर शब्द. मत्तय मात्र तिला ‘कनानी’ म्हणतो. त्या काळी असं सहसा कुणी कुणाला म्हणत नव्हतं. तो जुन्या पुस्तकातला शब्द होता. मत्तयाने तो मुद्दाम उचलला. पुन्हा यहोशवा आणि पुन्हा कनानी, समोरासमोर, आणि बाई लेकरासाठी भीक मागते आहे. त्यांचं बोलणं सुरुवातीला कडू आहे, तेही लपवू नका. पण शेवटी या यहोशवाच्या शब्दाने कनानी लेकरू बरं होतं.

याने यरीहोचा प्रश्न मिटला का? माझ्यापुरता नाही. पण गोष्ट कुठे चालली आहे, ते दिसलं. मी मधल्या पानावर थांबून देवाचा चेहरा ठरवत नाही, तो मला येशूत दिसलेला आहे. मुलाला एवढंच सांगा की, “मलाही हे टोचतं, आणि मी वाचणं सोडलेलं नाही.” वाद जिंकायला जाऊ नका.

पाळकसाहेबांचं मनावर घेऊ नका. रविवारी तीन उपासना झाल्यावर मलाही कुणी यरीहो विचारलं असतं तर मी तेच म्हटलं असतं. पण शंका विचारणं म्हणजे अविश्वास, हे मात्र मानू नका. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचा उपदेश शास्त्राशी रोज ताडून पाहिला आणि लूकने त्यांचं कौतुक केलं. रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी म्हणाला, कुणी समजावल्याशिवाय मला कसं कळणार? फिलिप्प त्याला ‘विश्वासाने वाच’ म्हणून पुढे गेला नाही. रथात चढून शेजारी बसला. पाळकांना एखाद्या निवांत संध्याकाळी घरी बोलवा, मत्तयाचा हा पंधरावा अध्याय पुढे ठेवा. बसतील.

वर्षाची शर्यत सोडा. रोज तीन-चार अध्याय, त्यात रात्रपाळी. असं वाचन खूण करण्यापुरतं होतं. संगतीला सांगा, मी मागून येते. लूक आणि त्याच लेखकाची प्रेषितांची कृत्ये मिळून ५२ अध्याय होतात, ते आधी सलग वाचा. मग उत्पत्तीकडे वळा आणि छोटी पुस्तकं एका बैठकीत संपवा. योना चार अध्यायांचं आहे, दुपारच्या चहाइतकं. प्रकटीकरण अगदी शेवटी ठेवा, आणि वर्तमानपत्र शेजारी न घेता. जमलं तर एकटीने वाचू नका. ही पुस्तकं मुळात मोठ्याने वाचून दाखवायला लिहिली गेली, बहुतेकांनी ती कानांनीच ऐकली.

आणि सासूबाईंचं काही अडलं नाही, हे खरंच आहे. स्तोत्रं म्हणजे जुना करारच. ८८ वं स्तोत्र काढा, त्यात शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे; आणि ते त्या आयुष्यभर प्रार्थना म्हणून म्हणत आल्या. त्यांनी शेतावर दिवस काढलेत, सरवाही वेचला असेल. एक दिवस रूथचा दुसरा अध्याय त्यांच्या हातात द्या आणि त्यांना वाचू द्या. मधे कुठे थांबल्या आणि शेतातलं काही सांगू लागल्या, तर पुस्तक मिटून ऐका.